एक गिटार आणि अनेक गाणीं

ज्या घरांत दहा दिवे असतात त्या घरांत दिवा कोठें ठेवावा ह्याचा कोणी फारसा विचार करीत नाहीं. ज्या घरांत एकच दिवा असतो तेथें मात्र तो चुलीपाशीं ठेवावा, कीं मुलांच्या अभ्यासापाशीं ठेवावा, कीं दोहोंच्या मधल्या उंबरठ्यावर ठेवावा, हा खरोखरीचा प्रश्न असतो. वाद्याची गोष्ट अशीच आहे. धंदेवाईक वादकाजवळ चार-पांच गिटारी असतात. ज्या गाण्यास जी शोभेल ती तो उचलतो. शाळेजवळ किंवा सामान्य कुटुंबाजवळ एकच असते, आणि तिजवर सर्वांचीं सर्व गाणीं वाजावींत अशी अपेक्षा असते. तेव्हां ती एक कशी असावी, आणि विशेषेंकरून तिच्या अंगांत बसविलेले पिकप कोणत्या जातीचे असावेत, ह्याविषयीं आमचें मत आम्ही येथें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

कोणी म्हणेल, शाळेच्या वार्षिकांत हा कसला विषय! पिकप ही दुकानदाराची व कारागिराची बाब आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. विजेच्या गिटारीस पुष्कळ पैसा पडतो आणि तो बहुधा पालकांच्या बचतींतून येतो. निवड मात्र तेरा-चौदा वर्षांचें मूल करितें, आणि तीही एखाद्या आवडत्या वादकाच्या हातांत कोणती गिटार दिसली तेवढ्यावरून. दोन वर्षांनीं आवड पालटते. गिटार तीच राहते. जिच्यावर एकाच तऱ्हेचें गाणें शोभतें अशी गिटार मग भिंतीस टेकून धूळ खात पडते. थोडी माहिती व थोडा विचार ह्यांनीं हें टाळतां येण्यासारखें आहे.

आमच्या विश्रांतवाडीसारख्या ठिकाणीं तर हा प्रश्न अधिकच खरा आहे. एका अंगास आळंदीचा रस्ता आहे. आषाढी वारीस निघालेली माउलींची पालखी ह्याच वाटेनें पुण्यांत येते आणि टाळ-मृदंगाचा गजर आमच्या दारावरून जातो. एप्रिलच्या चौदा तारखेस भीमगीतें ऐकूं येतात, गणेशोत्सवांत ढोल-ताशे घुमतात, आणि नाताळांत घरोघर फिरणाऱ्या मंडळींचीं गीतें रात्रीच्या थंडींत ऐकावयास मिळतात. दुसऱ्या अंगास लोहगांवचा विमानतळ असल्यामुळें अधूनमधून विमानाची घरघर ह्या सर्वांस साथ करिते. शिवाय ज्या पुणें शहराचे आपण रहिवासी, त्या शहरांत १९५३ सालीं सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला आणि त्याच शहरांत २०१० सालीं एनएच-सेव्हन वीकेंडर हा रॉक व तत्सम संगीताचा उत्सवही सुरू झाला. अशा गांवच्या मुलाच्या कानांत पांच-सहा तऱ्हांचें संगीत एकाच वेळीं नांदत असतें. त्याच्या हातीं जी एक गिटार द्यावयाची तिनें ह्यांपैकीं कोणासही दारांतून परत लावूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

प्रथम पिकप म्हणजे काय तें पाहूं. लांकडी गिटारींत तारेचा कंप पोकळ पेटींत घुमतो आणि आवाज मोठा होतो. विजेच्या गिटारीचें अंग बहुधा भरीव असतें. तेथें घुमण्यास पोकळी नाहीं. तिच्या तारांखालीं एक लोहचुंबक असतो व त्याभोंवतीं केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारों वेढे घातलेले असतात. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रांत हालली म्हणजे तें क्षेत्रही हालतें, आणि त्या हालण्यामुळें वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं प्रयोगानें दाखविलेला हाच नियम आपल्या शास्त्राच्या पुस्तकांत आहे. वीजघरांतील जनित्र व गिटारीचा पिकप हीं एकाच कुळांतलीं भावंडें होत. हा प्रवाह अँप्लिफायरमध्यें जाऊन मोठा होतो व कर्ण्यांतून पुन्हा आवाज म्हणून बाहेर पडतो. पिकप तारेचा आवाज ऐकत नाहीं. पोलाद कसें हाललें एवढीच बातमी तो पुढें धाडतो. नायलॉनच्या तारा लावल्या तर त्यास कांहींच कळत नाहीं, तें ह्याचमुळें.

बातमी कोठून घेतली ह्यावरही ती अवलंबून असते. तार ज्या घोडीवर टेकते तिला गिटारवाले ब्रिज म्हणतात. ब्रिजजवळ छेडलेली तार टणत्कार करिते आणि मानेजवळ, म्हणजे नेकच्या बाजूस, छेडलेली तार गोल व गंभीर बोलते, हें कोणत्याही तंतुवाद्यावर बोट ठेवून पाहतां येईल. पिकपचेंही असेंच आहे. ब्रिजजवळचा पिकप तीक्ष्ण ऐकतो, नेकजवळचा मृदु ऐकतो. म्हणून एका गिटारींत दोन किंवा तीन पिकप बसवितात आणि कोणत्यानें बोलावें हें ठरविण्यास एक खटका ठेवितात.

आतां जाती पाहूं. विजेची पहिली यशस्वी गिटार अमेरिकेंत जॉर्ज बोशां यांच्या कल्पनेंतून १९३१ सालीं तयार झाली. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी तुकडा घसरवून वाजविण्याची हवाइयन तऱ्हेची गिटार होती. ह्याच तऱ्हेची विजेची गिटार पुढें आपल्या मुंबईंत आली, आणि वॅन शिप्ली यांनीं तिजवर हिंदी चित्रपटगीतांच्या धुनी वाजवून काढलेल्या ध्वनिमुद्रिका घरोघर पोंचल्या. घसरत जाणारा स्वर आपल्या मींडेच्या जवळचा, म्हणून आपल्या लोकांस तो परका वाटला नाहीं.

त्या आरंभीच्या पिकपमध्यें एकच वेटोळें असे, आणि आजही एका वेटोळ्याच्या पिकपला सिंगल कॉइल म्हणतात. १९५४ सालीं निघालेल्या फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारींत असे तीन पिकप होते. सिंगल कॉइलचा आवाज स्वच्छ, टवटवीत व शब्दोच्चार स्पष्ट करणारा असतो; सहा तारा एकदम छेडल्या तरी सहाही निरनिराळ्या ऐकूं येतात. त्याचा दोष एकच, पण तो मोठा आहे. भोंवतालच्या विजेच्या तारा, ट्यूबलाइट, पंख्याचे रेग्युलेटर ह्यांचा घूं घूं असा आवाज तो तारेच्या बातमीबरोबरच उचलतो. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें पुरीं करिते, आणि तेंच गुणगुणणें कर्ण्यांतून ऐकूं येतें.

ह्या दोषावर तोड म्हणून गिब्सन कंपनींतील सेथ लव्हर यांनीं दोन वेटोळ्यांचा पिकप तयार केला. त्यासाठीं १९५५ सालीं पेटंटचा अर्ज झाला आणि १९५७ पासून तो गिटारींत बसूं लागला. दोन वेटोळीं परस्परांच्या उलट जोडावयाचीं आणि त्यांच्या चुंबकांचीं टोंकेंही उलट ठेवावयाचीं, ही त्यांतली युक्ति. बाहेरची घूं घूं दोन्ही वेटोळ्यांत शिरते, पण एकींत अधिक व दुसऱ्यांत उणी होऊन आपोआप फिटते. तारेची बातमी मात्र चुंबकही उलटा असल्यामुळें दोन्हींकडे एकाच चिन्हाची होऊन दुप्पट होते. गणितांत उण्याला उण्यानें गुणिलें असतां अधिक येतें, त्याची आठवण विद्यार्थ्यांस येथें व्हावी. गुणगुण बंद करणारा म्हणून त्यास हंबकर हें नांव पडलें. त्याचा आवाज भरदार, जाड व जोरकस असतो. त्याची आस लांब टिकते. परंतु वरच्या बारीक झंकारास तो कांहींसा पारखा होतो. ह्या दोहोंच्या मध्यें पी-९० नांवाची एक जात १९४६ पासून आहे. तिचें वेटोळें एकच पण रुंद. आवाज सिंगल कॉइलहून भरदार व हंबकरहून मोकळा. गुणगुण मात्र आहेच.

इतकें समजल्यावर मूळ प्रश्नाकडे वळूं. सर्व तऱ्हांचें संगीत वाजवावयाचें तर ह्यांपैकीं काय घ्यावें? आमचें मत एका नियमांत सांगतां येतें: जें मागाहून घालतां येतें त्यासाठीं पैसे देऊं नयेत, जें मागाहून घालतां येत नाहीं त्यासाठीं द्यावेत. आवाजाचा जोर मागाहून वाढवितां येतो. अँप्लिफायर आहे, पायाखालच्या पेट्या आहेत, संगणक आहे. स्वच्छ आवाज पाहिजे तेवढा फाडतां येतो, ज्यास वादक डिस्टॉर्शन म्हणतात. झंकारही कमी करितां येतो. टोनची कळ थोडी फिरविली कीं आवाज मऊ होतो. परंतु पिकपनें जो बारीक झंकार मुळांत टिपलाच नाहीं तो कोणतेंही यंत्र पूर्णपणें परत आणूं शकत नाहीं. आमटींत मीठ कमी असेल तर वरून घालतां येतें. अधिक पडलेलें मीठ काढून घेणारी सुगरण आम्हांस अद्यापि भेटलेली नाहीं. तेव्हां अनेक गाण्यांच्या गिटारीचा पिकप मध्यम जोराचा व स्पष्ट बोलणारा असावा, अतिजोराचा नसावा.

ह्या नियमानें पाहतां एका गिटारीस आम्ही जी मांडणी सुचवितों ती अशी. नेकजवळ एक सिंगल कॉइल, मध्यें एक सिंगल कॉइल, आणि ब्रिजजवळ एक मध्यम जोराचा हंबकर. त्या हंबकरचें एक वेटोळें बंद करून त्यास सिंगल कॉइलसारखा बोलविण्याची सोय, जिला कॉइल स्प्लिट म्हणतात, ती असल्यास उत्तम. १९८० च्या दशकापासून ही मांडणी सर्वत्र रूढ आहे. दुकानदारापाशीं एच-एस-एस म्हटलें कीं त्यास कळतें. तिच्यासाठीं दुर्मिळ किंवा महागडी गिटार लागत नाहीं, साध्या किंमतींतही ती मिळते.

अशा गिटारीचा खटका पांच जागीं थांबतो, आणि प्रत्येक जागेचें काम निराळें आहे. नेकचा पिकप एकटा ठेवून टोन निम्मा उतरविला कीं जॅझच्या जवळचा गोल स्वर मिळतो आणि संथ प्रार्थनागीताचे सुरावटीचे तुकडे त्यावर शोभतात. नेक व मधला मिळून जो आवाज निघतो तो कांचेच्या किणकिणाटासारखा असतो. अभंगाच्या किंवा भावगीताच्या मागें हलके स्वरपुंज छेडावयाचे तर हीच जागा, कारण ती गायकाच्या शब्दांवर बसत नाहीं. मधला एकटा चित्रपटगीतांच्या ठेक्यास बरा. मधला व ब्रिजचा मिळून नाचाच्या तुटक लयीस उपयोगी. आणि ब्रिजचा हंबकर एकटा लावून अँप्लिफायर तापविला कीं रॉक व मेटल ह्यांचा भरदार गर्जणारा आवाज, गुणगुणीवांचून. पुष्कळ गिटारींत मधल्या पिकपचें वेटोळें मुद्दाम उलट असतें. त्यामुळें दोन सिंगल कॉइल जोडीनें बोलतात तेव्हां गुणगुण बरीचशी फिटते. विकत घेतांना हें एक विचारून घ्यावें.

आमच्या मताविरुद्ध तीन आक्षेप येतात. तिन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा कीं, सर्व कामें करणारें वाद्य कोणतेंच काम उत्तम करीत नाहीं. ह्यांत तथ्य आहे, आणि तें लपविण्याचें कारण नाहीं. जो केवळ जॅझ वाजविणार त्यास नेकजवळचा हंबकर अधिक साजेल; जो केवळ मेटल वाजविणार त्यास दोन्हीकडे हंबकर हवे असतील. परंतु आपल्या पेटीची कथा आठवावी. हार्मोनियम युरोपांतून आली. तिचे स्वर ठरलेले, तिच्यावर मींड निघत नाहीं, म्हणून तिच्यावर कडाडून टीका झाली. ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला बंदी केली, आणि ती बंदी १९७१ सालीं सैल होईपर्यंत तीस वर्षें लोटलीं. तरीही ह्या मधल्या काळांत भजनांतून, कीर्तनांतून, संगीत नाटकांतून, देवळांतून व चर्चमधून पेटी हटली नाहीं. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्यांनीं तिच्यावर जें वैभव दाखविलें तें तिच्या मर्यादा ओळखूनच दाखविलें. पेटी टिकली ती ती सर्वांत उत्तम होती म्हणून नव्हे. तिनें कोणास नाहीं म्हटलें नाहीं म्हणून. ज्याच्या घरीं एकच वाद्य आहे त्यास हा गुण उत्तमपणाहून मोलाचा आहे.

दुसरा आक्षेप तरुणांचा असतो: जोरकस पिकप घ्यावा, कारण त्यानें गिटार ऐकूं तर येते. दुकानांत दोन गिटारी पाठोपाठ वाजविल्या तर मोठा आवाज तो चांगला आवाज असा भास होतो, हें खरें आहे. पण घरीं आल्यावर अँप्लिफायरची कळ आपल्याच हातीं असते; मोठेपणा फुकट मिळतो. जोरकस पिकपसाठीं वेढे वाढवावे लागतात, आणि वेढे वाढले कीं वरचा झंकार मंदावतो. मध्यम हंबकरचा विद्युत्-रोध साधारण आठ हजार ओहमच्या आसपास असतो. कागदावर चौदा-पंधरा हजारांचा आंकडा दिसला तर तो पिकप एकाच कामाकडे झुकलेला असण्याचा संभव आहे असें समजावें. हा आंकडा केवळ खूण आहे, प्रमाण नव्हे; प्रमाण आपला कान.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तो म्हणतो, आवाज हातांत असतो, पिकपमध्यें नसतो. मग एवढी चिकित्सा कशाला? आम्ही ह्याच्या अर्ध्या भागास मान देतों. १९७१ सालच्या 'हरे रामा हरे कृष्णा' चित्रपटांतील गाजलेल्या गाण्याची गिटार भूपिंदर सिंग यांनीं वाजविली, आणि तेच भूपिंदर सिंग पुढें मृदु गझलगायक म्हणून सर्वांस ठाऊक झाले. १९८० सालच्या 'कर्ज' चित्रपटांत गिटारीच्या ज्या सुरावटीवर सारी कथा फिरते ती गोरख शर्मा यांच्या बोटांची. दक्षिणेंत यू. श्रीनिवास यांनीं मँडोलिनसारख्या परदेशी वाद्यास वीज जोडून त्यावर कर्नाटक संगीत अशा योग्यतेनें वाजविलें कीं जाणत्यांनीं माना डोलविल्या. मुंबईचा 'अभंग रीपोस्ट' हा वाद्यवृंद संतांचे अभंग गिटारीच्या साथीनें गातो आणि तरुण तें आनंदानें ऐकतात. ही सर्व हाताची व कानाची करामत आहे, ह्यांत शंका नाहीं. परंतु ह्याच कारणास्तव पिकप स्पष्ट बोलणारा पाहिजे. हातानें केलेला बारीक फरक, बोटाचा हलका दाब, मींडेची लहानशी लकेर, हें सर्व ज्यास ऐकूं येतें अशा पिकपवर हात सुधारतो. जो पिकप सर्वच स्वर सारखे जाडे करून टाकितो त्यावर शिकणाऱ्यास आपली चूकही ऐकूं येत नाहीं आणि आपली प्रगतीही ऐकूं येत नाहीं. शिकणाऱ्याचें वाद्य खरें बोलणारें असावें.

आमच्या मतास अपवाद आहेत तेही सांगितले पाहिजेत. ज्या सभागृहांतील वीज जुनी आहे, अर्थिंग नीट नाहीं, जेथें दिवे मंद करण्याचीं यंत्रें रंगमंचाजवळच आहेत, तेथें सिंगल कॉइलची गुणगुण असह्य होते. गिटार मुख्यत्वें अशाच जागीं वाजणार असेल तर दोन हंबकरांची, पण दोहोंस कॉइल स्प्लिटची सोय असलेली, गिटार घ्यावी. मात्र त्यापूर्वीं अर्थिंग नीट करून घेणें हें अधिक शहाणपणाचें, कारण तो प्रश्न गुणगुणीचाच नव्हे, मुलांच्या जिवाचाही आहे. पोलादी तारांस हात लावून, मायक्रोफोनास ओंठ टेकवून उभ्या असलेल्या मुलास सदोष जोडणींतून झटका बसूं शकतो. हा खर्च कोणत्याही पिकपच्या आधीं करावा.

पालकांनीं दुकानांत काय करावें? त्यांस गिटार वाजवितां येत नसेल तरी हरकत नाहीं. त्यांस ऐकतां येतें. आवाज फाडणारीं सर्व साधनें बंद ठेवण्यास सांगावें आणि अँप्लिफायर हलक्या आवाजांत ठेवावा. मुलास ओळखीचें एकच साधें गाणें पांचही जागीं वाजवावयास लावावें आणि आपण पाठ फिरवून ऐकावें. पांच निरनिराळे आवाज ऐकूं आले तर गिटार अनेक कामांची आहे. पांचही एकसारखे वाटले तर खटका केवळ शोभेचा आहे. मग व्हॉल्यूमची कळ निम्मी उतरवावी. आवाज लहान व्हावा, पण घोंगडीखालून आल्यासारखा होऊं नये. शेवटीं हात तारांवरून काढून गुणगुण किती आहे ती ऐकावी. ह्या परीक्षेस दहा मिनिटें लागतात आणि रंग, नांव, जाहिरात ह्यांपैकीं कशाचाही तिच्यावर परिणाम होत नाहीं. जवळचा सर्व पैसा गिटारींतच घालूं नये. वाईट अँप्लिफायरमधून चांगला पिकपही वाईटच बोलतो.

ज्यांच्याजवळ गिटार आहेच त्यांनीं नवा पिकप घेण्यापूर्वीं एक लहान स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. पिकपच्या दोन्ही टोंकांस स्क्रू असतात व त्यांनीं तो वर-खालीं करितां येतो. तारांच्या फार जवळ आलेला पिकप जोर करितो, पण आवाज कोंदट होतो. शिवाय चुंबकाच्या ओढीनें तारेचा स्वरही डळमळूं लागतो. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरली असतां पिकप तिच्यापासून साधारण दोन ते तीन मिलिमीटर खालीं असावा. मग कानास रुचेल तसा थोडा पालटावा. नव्या पिकपची हौस पुष्कळ वेळां ह्या बिनपैशाच्या उपायानेंच भागते.

आतां एक गोष्ट शाळांस उद्देशून. शाळेची गिटार घेण्याची वेळ आली कीं निवड कोण करितो? बहुधा जो सर्वांत मोठ्यानें वाजवितो तो. त्याचा त्यांत दुष्ट हेतु नसतो. त्याला जें आवडतें तें तो सांगतो, आणि इतरांस बोलण्याचा धीर होत नाहीं. मग अति जोरकस गिटार शाळेंत येते. अभंगास साथ करूं पाहणारा मुलगा, भीमगीताचा ठेका धरणारी मुलगी, सकाळच्या प्रार्थनेस हलके स्वर देणारा विद्यार्थी, हे एकेक करून मागें सरतात. कोणी त्यांस जा म्हटलेलें नसतें. त्या वाद्यांत त्यांच्या गाण्यास जागा नसते, एवढेंच. सर्वांच्या पैशांतून आलेलें वाद्य चौघांचें होऊन बसतें. आम्हांस ही हानि पैशाच्या हानीहून मोठी वाटते.

म्हणून आमची सूचना अशी कीं, गिटार घेतांना जोरानें वाजविणाऱ्यांबरोबर हलक्या हातानें वाजविणाऱ्यांसही न्यावें, आणि परीक्षेस पहिलें गाणें सर्वांत हळू गाणें असावें. तें ज्या गिटारीवर नीट वाजेल तिच्यावर गर्जनाही करितां येईल. गर्जनेसाठींच घेतलेल्या गिटारीवर तें हळू गाणें वाजेलच ह्याची शाश्वति नाहीं. मोठ्या आवाजास कोठेंही जागा मिळते. लहान आवाजासाठीं ती आधींपासून राखून ठेवावी लागते. विद्यार्थी मित्रांनो, गिटार घ्या, मनापासून वाजवा, आणि आपल्यानंतर जो ती हातीं घेईल त्याचें गाणें आपल्याहून निराळें असूं शकेल हें ध्यानांत ठेवून तिची निवड करा.